अंधार चालतो, पण घरातला नको

नाशिकरोडच्या कारागृहात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला पुरी केली. पाच दिवसांत उतरलेलं हे पुस्तक नव्वद वर्षांनंतरही बक्षीस समारंभात वाटलं जातं, मुंजीत आहेर म्हणून दिलं जातं. 'मुलांना संस्कारक्षम काय द्यावं' असं कुणी विचारलं, की पहिलं नाव तेच येतं. पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम, पोहायला जायला घाबरतो म्हणून मार खाणारा श्याम, असे चार-दोन प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ असतात. पुस्तक सलग वाचणारा मात्र भलतीकडेच जाऊन पोचतो. एक खात्यापित्या घरची बाई कर्जापायी कशी खचत जाते, याची ती गोष्ट आहे. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' या नावाचं प्रकरण त्यात आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, घरावर जप्ती येते, गावात अब्रू जाते, धाकटा भाऊ दगावतो. शेवटी आई जाते आणि लांब शिकायला असलेल्या श्यामला तिचं शेवटचं दर्शनही होत नाही. आज हेच हस्तलिखित अनोळखी नावानं एखाद्या प्रकाशकाकडे 'कुमारांसाठी' म्हणून गेलं, तर 'विषय फार जड आहे, शेवट थोडा आशादायक करता येईल का?' असं उत्तर येईल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

किशोरांच्या पुस्तकांत मरण, हिंसा, आत्महत्या, नैराश्य, लैंगिक छळ, मोडलेली घरं हे विषय यावेत की नाहीत, हा वाद जगभर चालू आहे आणि आपल्याकडे तो पालकसभांत आणि ग्रंथालयांच्या काउंटरवर दबक्या आवाजात चालतो. त्या वादात बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट गृहीत धरतात, की पूर्वी मुलांचं वाचन गोड आणि निरागस होतं आणि हा काळोख आता नव्यानं घुसतो आहे. मराठीपुरतं बोलायचं, तर हे साफ चूक आहे. आपण मुलांपासून अंधार कधीच लपवला नाही. आपण फक्त तो निवडून दिला.

श्रावणात चिलया बाळाची कथा आपण चार-पाच वर्षांच्या पोरांनाही ऐकवत आलो. अतिथीचा शब्द मोडू नये म्हणून आईबाप स्वतःच्या लेकराला कापतात आणि आई त्याचं मस्तक उखळात कांडते. याहून भयंकर प्रसंग जगातल्या कुठल्याही किशोर कादंबरीत सापडणं कठीण. श्रावणबाळ बाणानं मरतो आणि त्याचे आंधळे आईबाप टाहो फोडत मरतात. नाशिकला शाळेच्या सहली तपोवनात जातात, तिथे शूर्पणखेचं नाक कापणाऱ्या लक्ष्मणाच्या शिल्पापुढे मुलं रांगेनं उभी राहतात आणि मास्तर त्यांना प्रसंग समजावून सांगतात. एका बाईचं नाक कापलं जातंय, हे सातवीतल्या मुलींना दाखवू नका, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. संभाजी महाराजांच्या हालांचं वर्णन मुलांच्या पुस्तकांत पिढ्यान्पिढ्या तपशिलानं छापलं गेलं. २०२५मध्ये 'छावा' आला, तेव्हा लोक लेकरांना घेऊन सिनेमागृहांत गेले आणि लेकरं हमसून हमसून रडत बाहेर आली. त्याबद्दल तक्रार झाली नाही, उलट अभिमान वाटला.

या निवडीचं एक विलक्षण उदाहरण नाशिकमध्येच आहे. २१ डिसेंबर १९०९ची रात्र. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात नाटकाचा प्रयोग होता. जॅक्सन आत शिरला आणि अनंत कान्हेरे या जेमतेम अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१०ला कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही गोष्ट नाशिकच्या मुलांना माहीत असते. क्रांतिकारकांच्या चरित्रमालांतून ती येते, वक्तृत्व स्पर्धांत ती घोकली जाते. पण त्या रात्री रंगमंचावर कोणतं नाटक व्हायचं होतं, ते सहसा कुणी मुलांना सांगत नाही. ते नाटक होतं देवलांचं 'संगीत शारदा'. पैशांच्या लोभानं एक बाप आपल्या कोवळ्या मुलीला जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, त्याची ती गोष्ट.

म्हणजे एकाच छपराखाली दोन किशोरवयीन जिवांचा अंधार होता. खुर्च्यांच्या बाजूला पिस्तूल घेतलेला मुलगा आणि पडद्यामागे बोहल्यावर चढवली जाणारी मुलगी. मुलाचा अंधार आपण मुलांच्या पुस्तकांत घेतला, कारण त्याला देश हे मोठं कारण होतं आणि वैरी परका होता. मुलीच्या अंधाराला कारण तिचा बापच होता, म्हणून तो मोठ्यांच्या नाटकात राहिला. कान्हेरेच्या बलिदानाला कमी लेखायचा इथे हेतू नाही. पण आपली चाळणी कशी चालते ते यातून उघड होतं. फाशी चालते, छळ चालतो, रक्त चालतं, फक्त करणारा बाहेरचा हवा. अंधार माजघरातून येत असेल, तर तो 'या वयात नको'. आणि ती मुलगी काही इतिहासजमा झालेली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठरा पुरी होण्याआधी झालं होतं. म्हणजे शाळकरी शारदा आजही आपल्या वर्गांत बसलेल्या आहेत. त्यांच्या वयाच्या वाचकांसाठी त्यांच्यावर लिहिलेली मराठी कादंबरी शोधायला जा, दमछाक होईल.

आता मराठी मुलं या वयात प्रत्यक्षात वाचत काय आली, ते पाहू. बारा ते अठरा या वयाचं आपलं कपाट विचित्र आहे. खालच्या फळीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. त्यानंतरची फळी रिकामी. मग एकदम वर 'स्वामी', 'मृत्युंजय', 'ययाति'. आठवीतला पोरगा फास्टर फेणेच्या सायकलवरून उतरतो तो थेट कर्णाच्या रथावर चढतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ची. तिच्यावर किशोरवयीन वाचकांच्या इतक्या पिढ्या का तुटून पडल्या, याचं कारण महाभारताचं वेड एवढंच सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. आपल्या जन्मावरून आपल्याला चारचौघांत हिणवलं जातंय, आईनं आपल्याला टाकलंय, आपण कितीही कमावलं तरी रांगेत आपली जागा मागेच, हे त्या वयाचं खास दुःख आहे. ते सांगणारं साधं, आजच्या गल्लीतलं पुस्तक मिळालं नाही, म्हणून मुलांनी ते पुराणातून उचललं.

त्याच १९६७ साली राम पटवर्धनांचं 'पाडस' आलं. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या अमेरिकन कादंबरीचा हा अनुवाद मराठीत इतका रुजला, की अनेकांना तो अनुवाद आहे याचाच विसर पडतो. मुलांना अंधार कसा द्यावा, याचा वस्तुपाठ म्हणून मी हे पुस्तक पुढे करीन. फ्लॉरिडाच्या रानात राहणारं गरीब कुटुंब. बापाला साप चावतो, विष उतरवायला तो एका हरिणीला मारतो आणि तिचं पोरकं पाडस त्याचा मुलगा ज्योडी घरी आणतो. पाडस वाढतं तसं शेतातले कोंब खायला लागतं. कुंपण उंच केलं तरी ते उडी मारतं. पीक गेलं तर हिवाळ्यात घर उपाशी राहणार, हा हिशेब लेखिकेनं अगोदरची कित्येक पानं शांतपणे मांडून ठेवलेला आहे. अंथरुणाला खिळलेला प्रेमळ बाप मुलाला सांगतो, पाडसाला रानात ने आणि गोळी घाल. मुलाच्यानं ते होत नाही. शेवटी आई बंदूक उचलते, तिचा नेम चुकतो, पाडस जखमी होऊन तडफडतं, आणि त्याची सुटका ज्योडीलाच करावी लागते.

यात खलनायक कोण? बाप नाही, आई नाही, पाडस तर नाहीच. पोटाची भूक आहे. मुलगा घर सोडून पळतो, उपाशी भटकतो, परत येतो. परत आल्यावर बाप त्याला उपदेश पाजत नाही, मोठ्या माणसाशी बोलावं तसा त्याच्याशी बोलतो. अंधार घरातलाच आहे, आईबापांच्या हातून आलेला आहे, पण त्या आईबापांना राक्षस केलेलं नाही आणि मुलाला खोटं समाधानही दिलेलं नाही. हे पुस्तक वाचून कुणा मुलाचं नुकसान झालं, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

'पाडस' काय किंवा शांता शेळक्यांनी 'लिटल विमेन'वरून केलेलं 'चौघीजणी' काय, आपल्या किशोरांना घरातलं दुःख मिळालं ते बऱ्याचदा अनुवादांतून. 'चौघीजणी'तल्या बेथच्या मरणावर महाराष्ट्रातल्या मुलींनी जितके अश्रू ढाळले, तितके इथल्या एखाद्या कुमुद-मालतीसाठी ढाळायची संधी त्यांना मिळालीच नाही. 'तोत्तोचान' हे आपल्या शिक्षकांचं लाडकं पुस्तक. रेल्वेच्या डब्यातली शाळा, मुलांचं ऐकून घेणारे मुख्याध्यापक, याचे दाखले प्रत्येक प्रशिक्षणात दिले जातात. त्यात तोत्तोचानचा पोलिओ झालेला मित्र मरतो आणि शेवटी बाँबहल्ल्यात ती शाळा जळून जाते, हे सांगायचं मात्र राहून जातं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१पासून घराघरांत आहे. त्याची सुरुवातच गुलाम आई आणि तान्हं मूल पळवून नेण्यापासून होते. आई परत मिळत नाही, मूल मिळतं ते एका घोड्याच्या बदल्यात. अमेरिकेतल्या काळ्या मुलाचा हा अपमान आपण मुलांना आवर्जून वाचायला देतो आणि ते योग्यच आहे.

पण इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. नाशिकरोडजवळच्या विहितगावात १९३०मध्ये बाबूराव बागूल जन्मले. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३चा. भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवणारा तरुण आणि ती उघडी पडल्यावर त्याला बसणारा मार, ही शीर्षककथा पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला कळणार नाही असं तिच्यात काही नाही. तरी कार्व्हर किशोरांच्या फळीवर आणि बागूल प्रौढांच्या. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) या सगळ्यांत मोठा भाग बालपणाचा आणि किशोरवयाचा आहे. लांबचा वर्णद्वेष संस्कारक्षम आणि जवळचा जातिद्वेष 'संवेदनशील विषय', अशी ही वाटणी आहे. शेजारच्या तेव्हाच्या आंध्रात अन्वेषी या हैदराबादच्या संस्थेनं २००८मध्ये 'डिफरंट टेल्स' या नावानं दलित, मुस्लीम, कष्टकरी घरांतल्या बालपणाच्या गोष्टी खास मुलांसाठी सचित्र काढल्या. आत्मकथनांची एवढी मोठी खाण घरात असताना मराठीला हे सुचायला हवं होतं.

आनंद यादवांचं 'झोंबी' (१९८७) तर बाप-लेकाच्या झटापटीचंच पुस्तक. शाळेत जायचं म्हणून मुलगा धडपडतो, शेतावर राबवायचं म्हणून बाप मारतो, आईलाही मारतो. त्याला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन आईबाबांपासून दूर, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहतो, आणि त्याचं हसू कुठे संपतं आणि एकटेपण कुठे सुरू होतं ते कळत नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (२००४) आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद प्रेमात पडतो आणि वर्षाच्या शेवटी एकटा उरतो. मागे जायचं तर ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आहे. यमूच्या बालपणापासून वैधव्यापर्यंतची ती तिच्याच तोंडून आलेली कहाणी १८९०पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः छापली जात होती. नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. सोवळ्याच्या वेडानं घर नासवणारा बाप त्यात आहे आणि तरी वाचताना हसू आवरत नाही. किशोरांना घरातला अंधार दाखवणारं मराठीत इतकं उत्तम आहे. फक्त यातलं एकही पुस्तक किशोरांसाठी म्हणून लिहिलेलं नाही. मुलांनी ते मोठ्यांच्या कपाटातून पळवून वाचलं.

खास मुलांसाठी निघणाऱ्या साहित्यानं काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता मोफत वाचता येतात. गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक मुलांशी सरळ, न लाडावता बोलतो. ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' धरणात जाणाऱ्या गावाचं दुःख मुलाच्या नजरेतून सांगतं, त्याला २०१७चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण एकूण कल पाहिला तर साहस, विज्ञान, पर्यावरण, विनोद यांची गर्दी आहे आणि घराच्या दाराशी आलं की लेखणी थबकते. भुतं मात्र मुबलक. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा कैक मुलांनी पांघरुणात शिरून वाचल्या. ती भीती मजेची असते, पुस्तक मिटलं की संपते. तिच्याबद्दल मला काही तक्रार नाही.

सिनेमानं मात्र ही भीड केव्हाच सोडली. 'श्वास'मध्ये (२००४) लहान मुलाचे डोळे जाणार हे त्याला सांगायचं कसं, हा सगळा प्रश्न आहे. 'टिंग्या'त कर्जात रुतलेलं शेतकऱ्याचं घर, 'फँड्री'त डुकरामागे धावणाऱ्या जब्याची लाज आणि संताप, 'बालक-पालक'मध्ये वयात येणाऱ्या मुलांचं चोरटं कुतूहल. सुजय डहाकेंनी आधी 'शाळा' आणि मग २०२३मध्ये कृष्णधवल 'श्यामची आई' केला, हा योगायोग मला बोलका वाटतो. बारा वर्षांचं मूल ज्या भाषेत 'फँड्री' पाहू शकतं, त्या भाषेत त्याला तसं पुस्तक मिळू नये, याला कारण लेखकांचा भित्रेपणा एवढंच नसावं.

मोठं कारण व्यवहाराचं आहे. किशोरांचं पुस्तक किशोर विकत घेत नाहीत. आई घेते, शाळा घेते, ग्रंथालय घेतं, नाहीतर बक्षीस देणारं मंडळ घेतं. विकत घेणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा असला, की प्रकाशक घेणाऱ्याकडे बघून छापतो. बक्षिसाच्या गठ्ठ्यात सावत्र बापाच्या त्रासाची कादंबरी कोण घालणार? अनुदानावर चालणारी गावोगावची वाचनालयं शासनमान्य यादी चाळतात, तिथेही 'निर्धोक' पुस्तकांचाच वरचष्मा. नाशिकला या बाबतीत नशीबवान म्हणायला हवं. १८४०मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय इथे आहे, त्याचा बालविभाग आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातून २००९पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या घरापर्यंत पोचतात. अशी पेटी घरात आली, की आईसाठी आलेलं पुस्तक मुलगी आधी वाचते, हे पुस्तकप्रेमी घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते किशोरवयीन वाचकांची खरी सोय आजवर याच वाटेनं झाली.

आणि यात एक गंमत आहे, तिला गंमत म्हणायचं तर. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या इंग्रजी माध्यमातल्या मुली कॉलीन हूव्हरची 'इट एंड्स विथ अस' दप्तरात घेऊन फिरतात. बायकोवर हात उचलणाऱ्या नवऱ्याची ती कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली आहे. मुलगी जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचते म्हणून आईवडील खूश असतात. तोच विषय मराठीत, मुलीच्या वयाला बेतून लिहिलेला, त्यांच्या हाती पडला, तर ते चार पानं चाळून तो बाजूला ठेवतील, कारण ती चार पानं त्यांना कळतात. आपली देखरेख वयावर नसून लिपीवर चालते.

पाश्चात्त्य देशांनी या वादात बरीच ठेच खाल्लेली आहे, ती पाहून आपण शहाणं व्हावं. अमेरिकेत एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' आली तीही १९६७मध्येच. टोळ्या, चाकू, मृत्यू असलेली ती कादंबरी तिनं शाळेत असताना लिहिली. मुलांनाच हा अंधार हवा होता, हे त्यातून पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसलं. २०११मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये मेगन कॉक्स गर्डन यांनी किशोरांची पुस्तकं फार काळी झाल्याचा लेख लिहिला, तेव्हा शेकडो वाचकांनी अशाच पुस्तकांनी आपल्याला तारल्याचं सांगितलं. ब्रिटनमध्ये २००८मध्ये प्रकाशकांनी पुस्तकांवर वयाचा शिक्का छापायचं ठरवलं आणि फिलिप पुलमनसारख्या लेखकांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. तो शिक्का मलाही पटत नाही. बारा वर्षांच्या दोन मुलांनी सारखंच जग पाहिलेलं नसतं.

गर्डनबाईंचं म्हणणं तरी सगळंच झटकून टाकण्यासारखं नाही. 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही जे ॲशर यांची २००७ची कादंबरी आणि २०१७ची तिची मालिका हे त्याचं उदाहरण. शाळकरी मुलीची आत्महत्या त्यात मागे राहिलेल्यांवरच्या सुडासारखी रचलेली आहे. मालिकेत तर ती कृती सविस्तर दाखवली होती. तज्ज्ञांनी टीका केली आणि २०१९मध्ये नेटफ्लिक्सनं ते दृश्य कापलं. आत्महत्येचं तपशीलवार, उदात्त वा सनसनाटी चित्रण अनुकरणाला चालना देतं, हे 'वेर्थर परिणाम' या नावानं संशोधकांनी मांडून ठेवलं आहे. त्याची दुसरी बाजूही अभ्यासात पुढे आली आहे. संकटात सापडलेलं माणूस त्यातून मार्ग काढतं, मदत मागतं, हे दाखवणाऱ्या गोष्टींचा परिणाम उलटा, बचावाचा होतो. तेव्हा 'विषय हवा की नको' या प्रश्नावर वेळ घालवू नये. पद्धत सांगितली आहे की मन सांगितलं आहे, मरणाला पराक्रम केलं आहे की मागे राहिलेल्यांचा आणि वाचलेल्यांचा रस्ता दाखवला आहे, हे तपासावं. संपादकाचं काम तिथे आहे.

आपल्याकडे या विषयावर गप्प बसण्याची चैन परवडणारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१मध्ये देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं, आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे वा विश्वासातले होते. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन किमान २२ रुग्ण दगावले. त्यांच्या घरांतही वाचणारी मुलं होती. त्र्यंबकेश्वर तालुक्यात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतली मुलं आश्रमात राहून शिकत आली आहेत. या मुलांना 'तुमच्या वयाला हे जड आहे' असं सांगणं म्हणजे त्यांच्या आयुष्यालाच वयाबाहेरचं ठरवणं आहे. स्वतः साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आयुष्य संपवलं. मुलांसाठीच्या चरित्रांत बहुधा तो भाग एका गुळमुळीत वाक्यात उरकलेला असतो. इतकं कोवळं मन असलेल्या माणसालाही असह्य झालं होतं आणि त्याला त्या वेळी आधार हवा होता, हे पंधरा वर्षांच्या वाचकाला नीट शब्दांत सांगता येतं. सांगायला हवं.

अर्थात अंधार घातला की पुस्तक आपोआप चांगलं होतं, असंही नाही. पुरस्काराच्या आशेनं एका कादंबरीत घटस्फोट, व्यसन आणि बलात्कार कोंबणारे लेखक हिंदी-इंग्रजीत दिसू लागलेत, उद्या मराठीतही दिसतील. याहून वाईट म्हणजे बोधाची शेपटी लावलेलं पुस्तक. मोबाईल पाहिला म्हणून मुलगी बिघडली, आईचं ऐकलं नाही म्हणून मुलगा बुडाला, अशा गोष्टींत अंधार असतो, पण तो धाक दाखवायला आणलेला. किशोरवयीन वाचकाला हा लबाडपणा दुसऱ्या पानावर कळतो आणि तो पुस्तक खाली ठेवतो. त्यानं ते ठेवावंच.

मराठी प्रकाशकांकडे आणि ग्रंथालयांकडे माझं मागणं फार नाही. लेखकाला 'शेवट गोड करा' सांगण्यापूर्वी 'पाडस' पुन्हा एकदा वाचा. 'झोंबी', 'बलुतं', 'स्मृतिचित्रे' यांतले किशोरवयाचे भाग त्या वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र पुस्तकं म्हणून, चांगल्या चित्रांसह काढा. ग्रंथपालांनी आठवी ते बारावीसाठी एक वेगळी फळी करावी आणि तिथून कोण काय नेतं याची चौकशी घरी कळवू नये. आणि अशा प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोन क्रमांक ठळक छापावेत. अडचणीतल्या मुलांसाठी चाइल्डलाइन १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फोन मोफत लागतात आणि मराठीतही बोलता येतं.